ऐकू येते, पण कळत नाही

माझी थोरली बहीण मिरजेला असते. आम्ही तिला अक्का म्हणतो. वय चौऱ्याहत्तर. लहानपणी गाणे शिकली, मैफलीत कधी गायली नाही, पण घरात तंबोरा आहे आणि तो ती रोज लावते. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ संगीत सभा होते, तिथे ती लग्न होऊन मिरजेत आल्यापासून जाते. तीन-चार वर्षांपूर्वी तिने एक तक्रार सुरू केली. तंबोऱ्याला पूर्वीसारखी जवारी राहिलेली नाही. आधी स्वतःच्या तंबोऱ्याबद्दल म्हणे, मग सभेतल्या तंबोऱ्यांबद्दलही म्हणू लागली. "हल्लीच्या तंबोऱ्यांत जीवच नाही रे. नुसते घुमतात."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. जुने कारागीर गेले, भोपळे पूर्वीसारखे मिळत नाहीत, असे काहीबाही बोललो. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथली कारागिरी खालावली असे आम्ही खुशाल ठरवून मोकळे झालो. शेवटी भाच्याने सतारमेकरांपैकी एका जाणत्या गृहस्थांना घरी आणले. त्यांनी तारांखालचे सूत मागेपुढे केले, चारही तारा छेडल्या, डोळे मिटून ऐकले आणि अक्काकडे पाहून हलकेच म्हणाले, "अक्का, तंबोरा बोलतोय. कान दाखवून घ्या."

अक्काच्या आजाराचे पहिले निदान असे एका तंबोरेवाल्याने केले. एरवी आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना ते तोवर कळले नव्हते, याची मला अजून लाज वाटते. घरात वडील पुरुष बहिरा होऊ लागला तर महिन्याभरात साऱ्यांना कळते, कारण त्याच्या उत्तरासाठी लोक थांबलेले असतात. बाईच्या उत्तरासाठी कोण थांबते? अक्का गप्प बसू लागली तेव्हा आम्ही म्हटले, वय झाले, शांत झाली. ती प्रश्नाला नुसते हसू लागली तेव्हा म्हटले, स्वभाव निवळला.

मग तपासणी झाली. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर यंत्र लावून, एकेक स्वर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचे. हाती आलेला आलेख डावीकडून उजवीकडे घसरत गेलेला होता. बँकेत असताना असे आलेख मी बुडीत खात्यांचे पाहिले होते. जाड, खालचे स्वर अक्काला बऱ्यापैकी ऐकू येत होते. बारीक, वरचे स्वर गेलेले. म्हातारपणीचा बहिरेपणा बहुधा असाच वरून पोखरत येतो. तंबोऱ्याची जवारी म्हणजे त्या वरच्या स्वरांचाच झंकार. तो गेला की उरते ती घुमटी. अक्का अगदी अचूक बोलत होती, फक्त दोष तंबोऱ्याला देत होती.

बोलण्याचेही तेच होते. आपल्या भाषेतले स्वर, म्हणजे आ, ई, ओ, हे बहुतांशी खालच्या पट्टीत असतात आणि त्यांनी आवाज भरतो. अर्थ मात्र स, श, फ, त, क या बारीक व्यंजनांवर तोललेला असतो. ती गेली की माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. म्हातारी माणसे म्हणतात, "ऐकू येतं, पण कळत नाही." आपण त्याला हट्टीपणा समजतो आणि ओरडून बोलतो. ओरडल्याने आ आणि ओ मोठे होतात; स होता तेवढाच राहतो. डॉक्टरांनी अक्काला थायरॉइडची गोळी सकाळी सहा वाजता, उपाशीपोटी घ्यायला सांगितली होती. 'सहा'तला स हरवला आणि तिने ते 'दहा' ऐकले. कित्येक महिने ती दहा वाजता, नाश्ता करून गोळी घेत होती आणि डॉक्टर दर खेपेला मात्रा वाढवत होते.

श्रवणयंत्र हवे, दोन्ही कानांना हवे, असे तपासणाऱ्या मुलीने सांगितले. मोठी समजूतदार मुलगी. तिने किमतींचा तक्ता पुढे ठेवला. खिशात ठेवायचे, वायरीचे जुन्या धाटणीचे यंत्र काही हजारांत मिळते. कानामागे बसणारे, गोंगाटातून बोलणे निवडून देणारे यंत्र वीस-पंचवीस हजारांपासून सुरू होते आणि जोडीची किंमत काही लाखांपर्यंत चढत जाते. अक्काच्या कानाला साजेसे एक यंत्र चोपन्न हजारांचे. दोन्हींचे एक लाख आठ हजार. यंत्राचे आयुष्य चार-पाच वर्षे. अक्का म्हणाली, "पुन्हा सांग गं, नीट ऐकू नाही आलं." मुलीने पुन्हा सांगितले. अक्काला पहिल्या वेळीच ऐकू आले होते, हे तिच्या चेहऱ्यावरून मला दिसले.

इथून पुढचे काम माझे. मी हयात बँकेत घालवली. घरात कुठलाही फॉर्म आला की तो माझ्याकडे येतो. अक्का मुलाच्या कौटुंबिक आरोग्य विम्यात आहे. दरवर्षीचा हप्ता वयामुळे फुगत गेलेला, पण तो कधी चुकवलेला नाही. मी कागद लावले, तपासणीचा आलेख जोडला, डॉक्टरांचे पत्र जोडले, यंत्राचे दरपत्रक जोडले आणि मंजुरी मिळेल का अशी विचारणा केली. उत्तर दोन ओळींचे आले. पॉलिसीच्या अमुक कलमानुसार चष्मे, कॉन्टॅक्ट लेन्स आणि श्रवणयंत्रे यांचा खर्च देय नाही.

कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. कारण हे वाक्य त्या कंपनीचे नाहीच. आपल्याकडे मेडिक्लेम १९८६ साली सुरू झाला. जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार सरकारी कंपन्या तेवढ्या तो विकत. त्या पॉलिसीत न मिळणाऱ्या गोष्टींच्या यादीत चष्म्याच्या शेजारी श्रवणयंत्र बसवले गेले. पुढे खाजगी कंपन्या आल्या, नियामक प्राधिकरण आले, पॉलिसीची पुस्तिका दोन पानांची चाळीस पानांची झाली. पण श्रवणयंत्र आपले अजून बहुतेक पॉलिसींत चष्म्याच्या शेजारी बसून आहे. मसुदा उतरवून घेणारा माणूस मागचे कलम सहसा बदलत नाही. हे मी अनुभवाने सांगतो. कर्जाचे करारनामे आम्हीही असेच उतरवून घेत होतो.

विमा कंपनीची बाजू मला कळत नाही असे नाही. विमा असतो तो अनिश्चित संकटाचा. घराला आग लागेल की नाही हे कुणाला ठाऊक नसते म्हणून शंभर जणांच्या हप्त्यातून एकाचे घर उभे राहते. म्हातारपणी कान मंद होणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते. जे सर्वांनाच होणार त्याचा विमा कसला? तो तर आगाऊ भरलेला खर्च. शिवाय ज्याला कमी ऐकू येऊ लागले तोच पॉलिसी घेईल आणि दुसऱ्या वर्षी यंत्र मागेल. कर्ज देणाऱ्याच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला हा युक्तिवाद पटण्यासारखा आहे आणि काही काळ तो मला पटलाही.

पण मग मोतीबिंदूचे काय? तोही म्हातारपणी बहुतेकांना होतोच. अक्काच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू याच पॉलिसीतून निघाले. नवी पॉलिसी असेल तर सुरुवातीची दोनेक वर्षे थांबावे लागते, रकमेला मर्यादा असते, पण पैसे मिळतात. डोळ्यात बसवलेल्या कृत्रिम भिंगाचेही मिळतात. गुडघे झिजणे हेही काही अघटित नव्हे. गुडघ्याची वाटीसुद्धा विम्यात बदलून मिळते. म्हणजे निश्चित-अनिश्चिततेचा हिशेब इथे लागत नाही. लागतो तो वेगळाच हिशेब. जे शरीराच्या आत बसवले तो उपचार आणि जे बाहेर लावले ती सोय. ज्याला सुरी लागली, टाके पडले, ज्याचे डिस्चार्ज कार्ड निघाले तो आजार. अक्का रुग्णालयात एक रात्रही झोपली नाही, हाच तिचा गुन्हा.

चष्म्याशी जोडी जमवण्यातही एक लबाडी आहे, किंवा निदान आळस आहे. वाचायचा चष्मा पाचशे रुपयांत मिळतो. तो न देणाऱ्या विम्याला कुणी नावे ठेवणार नाही. चष्मा आणि श्रवणयंत्र दोन्ही नाकाकानाच्या आधाराने राहतात, एवढेच त्यांचे साम्य. किमतीत दोन शून्यांचा फरक आहे.

सरकारी योजनांचेही सगळे दरवाजे मी वाजवून पाहिले. आयुष्मान भारत योजना २०१८ साली सुरू झाली आणि ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला पाच लाखांचे संरक्षण मिळाले. अक्काचे कार्ड निघाले, देवघरातल्या खणात आहे. पण तेही संरक्षण रुग्णालयात दाखल होणाऱ्याचे. अपंगांसाठीच्या सवलती म्हणाल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'श्रवणदोष' मोजला जातो तो दोन्ही कानांत साठ डेसिबलपासून आणि सत्तरच्या पुढे 'बहिरा'. अक्काची सरासरी भरली बावन्न. जागतिक आरोग्य संघटना बऱ्या कानातली हानी पस्तीस डेसिबलच्या पुढे गेली की ती माणसाला असमर्थ करणारी धरते. म्हणजे जिनिव्हाच्या फुटपट्टीने अक्का असमर्थ आणि दिल्लीच्या फुटपट्टीने धडधाकट! विम्याच्या लेखी ती आजारी नाही, कायद्याच्या लेखी अपंग नाही. फक्त सहा आणि दहा यांतला फरक तिला कळत नाही, इतकेच.

गरीब वृद्धांसाठी केंद्राची वयोश्री योजना २०१७ पासून आहे. तीत काठी, कवळी, चाकाची खुर्ची यांच्या बरोबर श्रवणयंत्रही मिळते. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्ट वर्षांपुढच्या आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाच्या खात्यात अशा साधनांसाठी एकदाच तीन हजार रुपये जमा होतात. देणाऱ्याची दानत मी नाकारत नाही. तीन हजारांत चांगली काठी येते, कंबरेचा पट्टा येतो. कान येत नाही. आणि अक्कासारखी, नवऱ्याच्या मागे मिळणाऱ्या निवृत्तिवेतनावर जगणारी बाई यांपैकी कशातच बसत नाही. मधल्या पायरीवरच्या माणसाला वरून हात मिळत नाही आणि खालूनही नाही.

पण गंमत अशी, की सरकारला हे कळत नाही असेही नाही. केंद्र सरकारचे कर्मचारी आणि निवृत्त यांच्या आरोग्य योजनेत श्रवणयंत्राचे पैसे ठरावीक मर्यादेत परत मिळतात. माजी सैनिकांच्या योजनेतही मिळतात. कुठल्या प्रकारच्या यंत्राला किती आणि किती वर्षांनी बदलता येईल, हे सगळे तिथे लिहून ठेवलेले आहे. २०१७ पासून श्रवणयंत्राला जीएसटीही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला. यंत्रावर कर नाही, हप्त्यावर कर नाही. दोन्ही टोके करमुक्त झाली आणि मधले कलम मात्र १९८६ च्या जागेवर.

हे आपल्याकडेच आहे असेही समजू नका. अमेरिकेतल्या आपल्या निवृत्त नातेवाइकांना विचारा. तिथल्या वृद्धांच्या मेडिकेअर योजनेच्या १९६५ च्या कायद्याने श्रवणयंत्र वगळले ते मूळ योजनेत आजही वगळलेलेच आहे. उलट ब्रिटनने १९४८ साली, महायुद्धाने खिसा फाटलेला असताना, राष्ट्रीय आरोग्य सेवेच्या पहिल्याच वर्षापासून यंत्रे फुकट वाटायला घेतली.

आता विमा कंपनीचा एक आक्षेप उरतो आणि तो सर्वांत खरा आहे. पुष्कळ यंत्रे टेबलाच्या खणात पडून असतात. तुमच्याही घरात किंवा शेजारी असे एखादे असेल. हौसेने घेतले, चार दिवस लावले, "नुसता कोलाहल होतो" म्हणून काढून ठेवले. अशा वस्तूला आम्ही पैसे का द्यावेत? याचे कारण असे की आपल्याकडे यंत्र विकले जाते, कान जुळवून दिला जात नाही. चष्मा लावला की त्याच क्षणी दिसते. कानाचे तसे नाही. कित्येक वर्षे शांततेत राहिलेल्या मेंदूला पंखा, कुकर, पिशवीची चुरचुर, स्वतःच्या बांगड्या हे सारे एकदम ऐकवले की तो भांबावतो. दोन-तीन महिने, चार-पाच खेपा, थोडे वाढव थोडे कमी कर, असे करत यंत्र अंगवळणी पडते. त्यातून आपला पावसाळा. घामाने, दमटपणाने यंत्र बिघडते. रात्री ते काढून ओल शोषणाऱ्या डबीत ठेवावे लागते. हे सारे शिकवणारे माणूस हवे. यंत्राच्या किमतीतला मोलाचा भाग त्या माणसाच्या वेळेचा आहे आणि स्वस्तातल्या खरेदीत नेमका तोच कापला जातो.

यावर मी कंपनीला एक पत्र लिहिले. उत्तर आलेले नाही, म्हणून इथे लिहितो. घरबांधणीचे कर्ज आम्ही एकरकमी कधीच देत नसू. जोते झाले की एक हप्ता, स्लॅब पडला की दुसरा. इंजिनिअरचा दाखला आल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नसे. श्रवणयंत्रालाही तसेच करा. मोतीबिंदूसारखी दोन वर्षांची प्रतीक्षा ठेवा. रकमेला मर्यादा ठेवा, पाच वर्षांतून एकदाच द्या. अर्धी रक्कम यंत्र घेताना, अर्धी तीन महिन्यांनी. आणि वापराचा दाखला कुठून आणायचा? आजची डिजिटल यंत्रे दिवसाला किती तास लावली गेली याची नोंद स्वतःच ठेवतात. तपासणाऱ्याच्या संगणकावर ती दिसते. घराच्या कर्जात मला एवढा प्रामाणिक साक्षीदार कधी मिळाला नव्हता.

कंपनीच्या फायद्याचेही यात काही आहे. न ऐकणारा पेशंट महाग पडतो. गोळीची वेळ चुकते, मात्रा चुकते, रस्त्यावर मागून येणारी रिक्षा ऐकू येत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ पासून स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत ऐकू न येणे हे एक मोठे कारण म्हणून धरले आहे. यंत्र लावल्याने स्मृतिभ्रंश टळतोच असे कुणी छातीठोक म्हणू नये. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत सर्वांना मिळून फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका अधिक होता त्यांच्यात मात्र तीन वर्षांत बुद्धीची घसरण निम्म्याच्या आसपास मंदावली. मला एवढे पुरेसे वाटते. विमा कंपन्या याहून कमी पुराव्यावर हप्ते वाढवतात.

आणखी एक सांगतो, ते माझ्या स्वतःच्या हिशेबातले आहे. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनवाले हयातीचा दाखला द्यायला बँकेत येत. एक गृहस्थ काउंटरच्या जाळीला कान लावून उभे राहत आणि "काय?" म्हणत. मागे रांग. मी मोठ्याने ओरडून सांगे. त्यांच्या खात्यावर शिल्लक किती, हप्ता किती थकला, हे साऱ्या शाखेला कळे. मागचे लोक हसत. ते गृहस्थही हसत आणि पासबुक खिशात घालून निघून जात. पुढे ते स्वतः येईनासे झाले, मुलगा येऊ लागला. मी तेव्हा सुटलो असे म्हटले होते. आंधळ्या माणसाला आपण हात धरून रस्ता ओलांडून देतो आणि बहिऱ्याचा प्रसंग रंगवून सांगतो. आमच्या कथा-कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी तरी बहिऱ्या म्हाताऱ्याचे दुसरे काय केले? माझ्या एका कादंबरीतही असे एक पात्र आहे. ते प्रकरण वाचून लोक हसतात असे मला प्रकाशकाने कौतुकाने कळवले होते.

अक्काने शेवटी एकच यंत्र घेतले. दोन्ही घे, फरक मी घालतो, असे मी म्हटले, भाचाही म्हणाला. ती म्हणाली, "माझे दिवस किती राहिले? नातवाची फी भरायचीय." ही बेरीज-वजाबाकी म्हातारी माणसे मनाशी आधीच करून बसलेली असतात, विम्याच्या पत्राने तिच्यावर फक्त शिक्का मारला. पैसे विम्यातून येणार असते तर तिने दुसऱ्या कानालाही नाही म्हटले नसते. विम्याचे पैसे तिच्या लेखी हक्काचे, भावाचे पैसे भावाचे.

उजव्या कानाला यंत्र बसले. पहिल्या आठवड्यात तिने तंबोरा काढला आणि रडकुंडीला आली. तंबोऱ्याचा अखंड स्वर म्हणजे शिट्टीच, असे यंत्राला वाटे आणि ते तो दाबायला पाही. स्वर थरथरत, कण्हत येई. त्या मुलीने दुसऱ्या खेपेला संगीतासाठी वेगळी मांडणी करून दिली. बोलण्याला एक, गाण्याला एक. कानामागचे बटण दाबून बदलायचे. आता जवारी ऐकू येते. पूर्वीसारखी नव्हे म्हणते, पण येते. गोळी सकाळी सहाला घेते. नातवाचे बारीक आवाजातले बोलणे तिला कळू लागल्यापासून तो पोरगा तिच्याजवळ पुन्हा बसू लागला आहे.

एकाच कानाने ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठल्या बाजूने येतो ते नीट उमगत नाही. म्हणून रस्त्यात आम्ही तिचा डावा हात धरून चालतो. आणि उरुसाच्या सभेत ती आता पहिल्यासारखी मधोमध बसत नाही. जरा लवकर जाते आणि मंडपात डाव्या बाजूची, खांबाजवळची जागा धरते. गाणे उजव्या कानावर पडावे म्हणून.